‘जास्त दुधाचं जनुक’ शोधून का भागत नाही?

प्रश्न असा आहे: गाय, कोंबडी, मका, भात यांचे जीनोम, म्हणजे त्यांचा संपूर्ण डीएनए, आता वाचून झाले आहेत. मग दुधाचं किंवा उत्पादनाचं जनुक हुडकायचं आणि ते ज्या जनावरात किंवा वाणात आहे तेवढंच ठेवायचं, इतकं सोपं हे का होत नाही? पैदासकार अजूनही लिटर, किलो आणि क्विंटलच का मोजत बसतात? त्याला जोडून एक उपप्रश्न आहे: ‘दुधाची आनुवंशिकता ३० टक्के’ म्हणजे उरलेलं ७० टक्के दूध खुराकावर, असंच ना?

उपप्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. त्याकडे नंतर येतो. मुख्य प्रश्नाचं उत्तर असं की, ते एक जनुक अस्तित्वातच नाही. शेकडो, बहुधा हजारो ठिकाणचे बारीक फरक मिळून असा गुणधर्म घडतो. आणि निवड करायला जनुकांची नावं कळावी लागत नाहीत. हे दुसरं विधान अनुवंशशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही पचायला जड जातं, म्हणून आधी तेच घेतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यावरून चांगलंच जुंपलं होतं. मेंडेलच्या बाजूचे म्हणायचे, वाटाणा गोल असतो नाहीतर सुरकुतलेला. गाल्टनच्या परंपरेतले मोजमाप करणारे म्हणायचे, उंची आणि वजन सलग बदलतं, तिथे तुमचे हे कप्पे कुठे बसतात? १९०९ मध्ये स्वीडनच्या निल्सन-एले यांनी गव्हाच्या दाण्याच्या लाल रंगावरून दाखवलं की तीन स्वतंत्र जनुकं तोच रंग थोडा थोडा गडद करत असतील, तर दुसऱ्या पिढीत ६३ लाल दाण्यांमागे एक पांढरा येतो आणि लाल दाण्यांतही छटा पडतात. तीन जनुकांच्या सहा प्रती, म्हणजे शून्य ते सहा अशा सात पायऱ्या. दहा जनुकं धरली तर २१. त्यावर माती, पाऊस, खुराक यांनी प्रत्येक दाण्याला किंवा जनावराला थोडं इकडेतिकडे ढकललं की पायऱ्या पुसल्या जातात आणि सलग आलेख उरतो. १९१८ मध्ये फिशर यांनी याचं पूर्ण गणित मांडलं. आई-मूल, सख्खी भावंडं, सावत्र भावंडं यांच्यात किती सारखेपणा असावा हे मेंडेलच्याच नियमांतून काढता येतं, आणि ते काढताना एकाही जनुकाचं नाव लागत नाही. नातेवाईक एकमेकांसारखे किती आहेत हे मोजायचं आणि त्यावरून फरकातला वारशाने जाणारा भाग किती ते ठरवायचं. आम्हा पैदासकारांचा सगळा धंदा अजून याच पायावर उभा आहे.

आता जनुकं खरोखर शोधायला गेल्यावर काय दिसलं ते पाहा. मक्याला फुलोरा किती दिवसांनी येतो हा तसा साधा, नीट मोजता येणारा गुणधर्म. २५ वेगवेगळ्या वाणांचा एकाच वाणाशी संकर करून सुमारे ५,००० शुद्ध वंश तयार केले गेले, आठ ठिकाण-हंगामांत जवळजवळ १० लाख रोपं पाहिली गेली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष: फुलोऱ्यावर परिणाम करणाऱ्या जीनोममधल्या जागा भरपूर सापडल्या, पण एकीचाही परिणाम मोठा नव्हता. गायींच्या उंचीचंही तेच. २०१८ मध्ये ५८,२६५ जनावरांच्या माहितीतून १६३ जागा हाती लागल्या आणि त्या सगळ्या मिळून उंचीतल्या फरकाचा फार तर १३.८ टक्के भाग समजावून देत होत्या. उंचीची ही गत, तर दुधाची, प्रजननाची किंवा दुष्काळ सोसण्याची काय असेल!

मोठी जनुकं मुळीच नाहीत असंही नाही. दुधातल्या फॅटबाबत डीजीएटी१ नावाचं जनुक २००२ च्या सुमारास पक्कं झालं. चरबी तयार करण्याच्या अखेरच्या टप्प्यावरचं एन्झाइम या जनुकावरून बनतं आणि त्यात एका अमिनो आम्लाचा बदल झाला की फॅटची टक्केवारी ठळकपणे वाढते. मला यातली सर्वात मजेची गोष्ट वाटते ती अशी की २००८ मध्ये मक्याच्या दाण्यातल्या तेलाचा मागोवा घेणारे संशोधक याच एन्झाइमच्या मक्यातल्या भावंडापाशी येऊन पोहोचले. गाय आणि मका यांच्या वाटा वेगळ्या होऊन कोट्यवधी वर्षं झाली, तरी स्निग्धांश वाढवण्याची एक किल्ली दोघांत तीच. पण म्हणून ‘फॅटचं जनुक मिळालं, प्रश्न मिटला’ असं झालं का? नाही. फॅट वाढवणारी तीच प्रत दुधाचं एकूण प्रमाण कमी करते. ती हवी की नको हे तुम्ही दूध विकता की लोणी, यावर ठरतं.

ज्या गुणधर्मात एखादी यंत्रणा बंद-चालू होण्याचा प्रश्न असतो, तिथे एकच जनुक खूप काम करून जातं. भाताचं सब१ए याचं उत्तम उदाहरण आहे: पूर्ण पाण्याखाली गेलेलं रोप उंच वाढण्यात ताकद घालवत नाही, दोनेक आठवडे तग धरतं आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा फुटतं. ते मार्करच्या, म्हणजे जनुकाजवळच्या ओळखखुणेसारख्या डीएनए-फरकांच्या साहाय्याने लोकप्रिय वाणांत आणलं गेलं आणि त्यांचे बाकीचे गुण तसेच राहिले. बेल्जियन ब्लू गुरांच्या दुहेरी स्नायूंमागे मायोस्टॅटिन हे एकच जनुक आहे, पण तिथे वासरू इतकं भरदार होतं की नैसर्गिक प्रसूती अवघड होऊन बसते. अशी जनुकं आनंदाने वापरावीत. मात्र त्यांच्याकडे पाहून उत्पादनाचंही असंच कुठेतरी दडलेलं असेल असं धरून चालू नये.

आणखी एक इशारा. शे-दोनशे रोपांच्या अभ्यासात ‘उत्पादनातल्या २५ टक्के फरकाला कारणीभूत जागा सापडली’ असं छापून आलं की मी आधी नमुन्याचा आकार बघतो. छोट्या नमुन्यात बारीक परिणाम पकडला जाण्याची एकच शक्यता असते, योगायोगाने तो फुगून दिसण्याची. म्हणजे जे सापडतं ते फुगलेलंच सापडतं. बीव्हिस यांनी नव्वदच्या दशकात हे दाखवून दिलं, तरी अशी शोधपत्रं काही थांबली नाहीत. दुसऱ्या संकरात, दुसऱ्या हंगामात ती जागा गायब झाली की दोष हवामानाला दिला जातो.

आता त्या ३० टक्क्यांकडे येऊ. आनुवंशिकतेचा आकडा एका गायीच्या दुधाची वाटणी सांगत नाही. एका विशिष्ट कळपात, विशिष्ट परिस्थितीत, गायी-गायींमध्ये जो फरक दिसतो त्यातला किती भाग पुढच्या पिढीत बेरजेने (म्हणजे एकेका जनुकाच्या सुट्या परिणामांची बेरीज होऊन) उतरणाऱ्या जनुकीय फरकामुळे आहे, एवढंच तो सांगतो. कळप बदलला, व्यवस्थापन बदललं की आकडाही बदलतो. योहान्सेन यांनी १९०३ मध्ये घेवड्याच्या शुद्ध वंशांवर हे फार सुंदर दाखवलं. एकाच शुद्ध वंशातले मोठे दाणे पेरा किंवा लहान पेरा, पुढच्या पिढीची सरासरी तीच येते. त्या वंशात दाण्याच्या वजनाची आनुवंशिकता शून्य. दाणा घडवण्यात जनुकांचा वाटा नाही असा याचा अर्थ कुणी काढणार नाही. तिथे जनुकांत फरकच उरलेला नाही, इतकंच.

या आकड्याचा खरा उपयोग निवडीचं फळ किती मिळेल ते सांगण्याचा आहे. समजा कोकरांचं सरासरी वजन २० किलो आहे, पुढच्या पिढीसाठी निवडलेल्या नर-माद्यांचं त्याच वयातलं सरासरी वजन २४ किलो होतं आणि आनुवंशिकता ०.३ आहे. मग त्यांची पिल्लं सरासरी २१.२ किलोंची होतील. निवडीत घेतलेल्या ४ किलोंच्या आघाडीपैकी १.२ किलो पोहोचले, बाकीचे परिस्थितीच्या नशिबाचे होते. एका पिढीत हे थोडं वाटतं. पण हे फळ साठत जातं. ब्रॉयलर कोंबड्यांचा १९५७, १९७८ आणि २००५ चा वंश एकाच वेळी, एकाच खाद्यावर वाढवून पाहिला गेला, तेव्हा ५६ व्या दिवशी त्यांची वजनं अनुक्रमे ९०५, १,८०८ आणि ४,२०२ ग्रॅम भरली. खाद्य तेच असल्यामुळे हा फरक निवडीचा. त्याची किंमतही पक्ष्यांनी मोजली आहे: या वंशांच्या मातापित्यांना पोटभर खाऊ दिलं तर ते इतके जड होतात की त्यांचं प्रजनन बिघडतं, म्हणून त्यांना मापूनच खाद्य द्यावं लागतं.

आनुवंशिकता कमी म्हणजे सुधारणेला वाव नाही, हा गैरसमज मी सर्वात जास्त वेळा ऐकतो. गायींच्या प्रजननक्षमतेची आनुवंशिकता ०.०५ च्याही खाली येते. याचा अर्थ एका गायीच्या स्वतःच्या नोंदीवरून तिची पारख करणं जवळजवळ व्यर्थ आहे, एवढाच. वळूच्या ५० मुलींच्या नोंदी घेतल्या तर दुधासारख्या ०.३ आनुवंशिकतेच्या गुणधर्मात त्याच्या पैदासमूल्याच्या, म्हणजे तो पिल्लांना जे जनुकीय गुण देतो त्यांच्या मोलाच्या, अंदाजाची अचूकता सुमारे ०.९० मिळते (१ म्हणजे तंतोतंत). आनुवंशिकता ०.०४ असेल तर त्याच ५० मुलींत अचूकता ०.५८ वर अडकते, पण मुली ३०० केल्या की ०.८७ होते. माहिती वाढवली की कमी आनुवंशिकतेचा अडथळा ओलांडता येतो. अनेक देशांत दशकानुदशकं प्रजननाच्या नोंदीच निवडीत धरल्या गेल्या नाहीत, कारण ‘आनुवंशिकता कमी आहे’. दरम्यान दूध आणि प्रजनन यांचा जनुकीय सहसंबंध उलटा (दूध वाढवणारी जनुकं बहुधा प्रजनन घटवणारी) असल्यामुळे, दुधासाठी निवड करता करता होल्स्टीन गायींची गाभण राहण्याची क्षमता घसरत गेली. तुम्ही न मोजलेला गुणधर्म जागच्या जागी थांबत नाही. तुम्ही मोजलेल्या गुणधर्माच्या मागे तो ओढला जातो.

इथे जीनोमचा खरा उपयोग सुरू होतो, आणि तो जनुक शोधण्याचा नाही. दोन सख्खे गोऱ्हे घ्या. वंशावळीवरून दोघांचं पैदासमूल्य एकच, आई-वडिलांची सरासरी. प्रत्यक्षात प्रत्येकाला आई-वडिलांच्या पानांतून पिसून वेगळा हात आला आहे, आणि बेरजेने उतरणाऱ्या जनुकीय फरकाचा जवळजवळ अर्धा भाग सख्ख्या भावंडांमध्येच असतो. वंशावळीला हा अर्धा भाग जन्मवेळी दिसतच नाही. पूर्वी तो कळायला वळू मोठा व्हायचा, त्याचं रेतन व्हायचं, मुली जन्मायच्या, त्या मोठ्या होऊन व्यायच्या आणि दूध द्यायला लागायच्या. पाच-सहा वर्षं निघून जायची.

२००१ मध्ये म्यूविसेन, हेज आणि गोडार्ड यांनी सुचवलं की जीनोमभर दाट मार्कर घ्या आणि कोणता महत्त्वाचा, कोणता नाही, हे ठरवायच्या भानगडीत न पडता सगळ्यांचे परिणाम एकदमच अंदाजा. ज्यांच्या नोंदी आहेत अशा हजारो जनावरांवर समीकरण बसवायचं आणि ज्याची एकही नोंद नाही अशा वासराच्या रक्ताच्या किंवा केसाच्या नमुन्यावर ते लावायचं. तेव्हा इतके मार्कर स्वस्तात तपासायची सोयच नव्हती. एकाच वेळी सुमारे ५४,००० मार्कर तपासणारी गायींची डीएनए-चिप २००७ च्या अखेरीस आली आणि अमेरिकेत २००९ च्या जानेवारीपासून अधिकृत जीनोमिक मूल्यांकन सुरू झालं. पुढचे वळू ज्यांच्यापासून घ्यायचे त्या वळूंच्या बाबतीत पिढ्यांमधलं अंतर सुमारे ७ वर्षांवरून अडीच वर्षांच्या खाली आलं. दुधाच्या गुणांमध्ये वार्षिक प्रगती दीडपट ते दुपटीच्या घरात गेली, तर कमी आनुवंशिकतेच्या गुणांमध्ये तिप्पट-चौपट. म्हणजे ज्यांच्याबद्दल ‘वाव नाही’ म्हटलं जात होतं, त्याच गुणांना सर्वात जास्त फायदा झाला.

पशुपैदास शास्त्रज्ञ हेंडरसन यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. वेगवेगळ्या कळपांतल्या, वेगवेगळ्या वर्षांतल्या जनावरांची तुलना वंशावळीच्या आधाराने न्याय्य कशी करायची याची समीकरणं त्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात उभी केली. आजचं जीनोमिक मूल्यांकन बऱ्याच अंशी त्याच समीकरणांत वंशावळीच्या नात्याऐवजी डीएनएवरून मोजलेलं नातं घालतं.

याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. मार्कर हे बहुतेक वेळा कारण नसतात, ते खऱ्या कारणाच्या शेजारी बसलेले असतात. पिढ्या सरकतात, गुणसूत्रांचे तुकडे नव्याने जुळतात आणि शेजार तुटतो. समीकरणाची अचूकता उतरते. होल्स्टीनवर बसवलेलं समीकरण दुसऱ्या जातीवर लावलं तर फारसं चालत नाही. म्हणून नोंदी थांबवून चालत नाही, उलट त्यांची किंमत वाढते. प्रश्नात विचारलं होतं की आम्ही अजून लिटर आणि किलो का मोजतो. उत्तर हे आहे. डीएनए तपासणं वर्षागणिक स्वस्त होत गेलं. प्रामाणिक मोजमाप मात्र तितकंच महाग राहिलं आहे, आणि समीकरणात जे घालाल तेच बाहेर येतं.

पिकांकडे वळलं की आणखी एक गोष्ट समोर येते: वाण आणि ठिकाण यांचा परस्परसंबंध. एका ठिकाणी पहिला आलेला वाण दुसरीकडे पाचवा येतो. मी शिकाऊ पैदासकारांना एक छोटं गणित घालतो. समजा वाणांमधला जनुकीय फरक १ एकक, वाण-ठिकाण परस्परसंबंधाचा फरक १ आणि प्लॉट-प्लॉटमधला किरकोळ फरक ४ एकक आहे. एकाच प्लॉटवरून पारख केली तर आनुवंशिकता १/६, म्हणजे ०.१७. एकाच ठिकाणी चार पुनरावृत्ती घेतल्या तर ०.३३. तेच चार प्लॉट चार ठिकाणी एकेक टाकले तर ०.४४. आणि एकाच ठिकाणी आठ प्लॉट घेतले तर? ०.४०. म्हणजे दुप्पट प्लॉट खर्चूनही चार ठिकाणांची बरोबरी होत नाही. हे गणित माहीत असूनही संशोधन केंद्राच्या आवारातल्या सुबक, सपाट शेतावर पुनरावृत्ती वाढवत बसण्याचा मोह सुटत नाही, कारण तिथे जाणं-येणं सोपं असतं.

पिकांत पैदासकाराला काही सवलती मात्र आहेत. बटाटा, ऊस यांच्यासारखी पिकं बेण्यावर वाढतात, त्यामुळे निवडलेल्या झाडाचा बेरजेचा आणि बिनबेरजेचा (जनुकांच्या विशिष्ट जुळणीतून येणारा) सगळाच जनुकीय लाभ पुढे जातो. संकरित मक्यात दोन वंशांच्या जुळणीतून येणारा जोम वापरता येतो, पण त्या दाण्यांपासून पुढची पिढी घेतली की जुळणी मोडते आणि जोम उतरतो. एकाच जातीच्या गायींमध्ये निवड करताना यातलं काहीच हाताशी नसतं. तिथे बेरजेचाच भाग चालतो.

मग निवड करत करत फरक संपून जात नाही का? मक्यावरचा सर्वात जुना प्रयोग याचं उत्तर देतो. १८९६ मध्ये इलिनॉय विद्यापीठात हॉपकिन्स यांनी १६३ कणसांपासून सुरुवात केली. दाण्यात तेल होतं सुमारे ४.७ टक्के. वर्षानुवर्षं फक्त जास्त तेलाची कणसं निवडत गेल्यावर शंभर पिढ्यांनंतर तेल २० टक्क्यांच्या पुढे गेलं, म्हणजे सुरुवातीच्या एकाही कणसात नव्हतं इतकं. कमी तेलाचा वंश मात्र थांबवावा लागला, कारण शून्याच्या खाली जायला जागा नसते. ४८ व्या पिढीनंतर काही वंशांत निवडीची दिशा उलटी केली, तर वंश लगेच मागे फिरले. म्हणजे फरक शिल्लक होता. २००४ मध्ये या वंशांच्या संकरातून तेलाशी निगडित सुमारे ५० जागा मोजल्या गेल्या आणि त्या मिळून जनुकीय फरकाचा निम्म्याच्या आसपास भाग सांगत होत्या. लहान लहान परिणामांची जनुकं भरपूर असली की एकेकाची वारंवारता हळू बदलते, नव्या जुळण्या होत राहतात, अधूनमधून नवं उत्परिवर्तन भर घालतं.

हे टिकतं ते पैदाशीतल्या जनावरांचा पाया रुंद असेल तरच. होल्स्टीन गायी लाखोंनी आहेत, पण त्यांची प्रभावी संख्या (जनुकीय विविधतेच्या हिशोबाने कळप किती जनावरांएवढा आहे ती) शंभराच्या आसपास किंवा त्याहून कमी धरली जाते, कारण मोजक्या वळूंचं रेतन जगभर गेलं. १९६२ मध्ये जन्मलेल्या ‘चीफ’ नावाच्या एका वळूचा वाटा अमेरिकेतल्या होल्स्टीन जीनोमच्या १४ टक्क्यांच्या आसपास आहे. दुधासाठी तो अप्रतिम होता. पण एपीएएफ१ जनुकातला एक घातक दोष त्याच्याकडून पसरला. दोन वाहकांचं मीलन झालं की सरासरी चारातला एक गर्भ गर्भाशयातच मरतो. हा दोष सापडला कसा तेही बघण्यासारखं आहे. २०११ मध्ये हजारो जनावरांच्या चिपच्या माहितीत असं लक्षात आलं की गुणसूत्राचा एक तुकडा कळपात बऱ्यापैकी आढळतो, पण दोन्ही प्रती त्याच असलेलं एकही जिवंत जनावर नाही. जी जनावरं जन्मलीच नव्हती, त्यांच्या अनुपस्थितीवरून दोषाची जागा सापडली. आता वाहक आधीच ओळखून तसं मीलन टाळता येतं.

कोणत्या एककावर निवड करायची हाही विचार करायचा मुद्दा आहे. पिंजऱ्यातल्या अंडी देणाऱ्या कोंबड्या एकमेकींना टोचून मारतात. एकेका कोंबडीची अंडी मोजून निवड केली तर शेजारणीला दाबून जास्त अंडी देणारीच कधीकधी वर येते. विल्यम म्यूर यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात भावंडांचा अख्खा पिंजरा हेच एकक धरून निवड केली. निवडलेल्या वंशात वार्षिक मरतूक दुसऱ्या पिढीतल्या ६८ टक्क्यांवरून चौथ्या पिढीत ८.८ टक्क्यांवर आली. शेजारणीच्या जनुकांचा माझ्या उत्पादनावर होणारा परिणामसुद्धा आनुवंशिक असतो. पिकांतही एकटं वाढलेलं जोमदार झाड आणि दाट पेरणीत चांगलं उत्पादन देणारं झाड ही अनेकदा वेगळी असतात.

जनुक संपादनाने हे सगळं जुनं होईल का, हा प्रश्न पुढे येणारच. एकाच जनुकाच्या गुणधर्मांसाठी ते उपयोगी आहे: शिंगं नसलेली गुरं किंवा सीडी१६३ जनुक बदलल्यामुळे पीआरआरएस या डुकरांच्या रोगाच्या विषाणूला दाद न देणारी डुकरं, ज्यांना अमेरिकेत २०२५ मध्ये मान्यता मिळाली. दुधासाठी किंवा उत्पादनासाठी तुम्हाला शेकडो जागा बदलाव्या लागतील, त्यातल्या बहुतेकांची नेमकी जागा अजून माहीत नाही, आणि बदललेल्या एकेका जागेचा परिणाम इतका कमी की तो सिद्ध करायला पुन्हा हजारो जनावरांच्या नोंदी लागतील. म्हणून निवडीच्या कार्यक्रमासाठी पैसे कुठे घालावेत असं मला कुणी विचारलं, तर पहिली रक्कम मी नोंदींवर घालतो, दुसरी चाचणीची ठिकाणं वाढवण्यावर, आणि संपादनाकडे तेव्हाच वळतो जेव्हा सब१एसारखं एखादं जनुक आधीच हाताशी असतं.